यूएसबी हब व विद्युत् पुरवठा : अंतःस्थापित लिनक्स उपकरणांतील दोषांचा इतिहास

संगणक आणि त्याला जोडावयाची उपकरणे यांच्यामध्ये माहिती व वीज या दोहोंची ने-आण एकाच केबलमधून करणारी जी व्यवस्था १९९६ पासून रूढ झाली, तिला युनिव्हर्सल सीरियल बस किंवा संक्षेपाने यूएसबी असे म्हणतात. या व्यवस्थेत एका पोर्टपासून अनेक पोर्ट काढून देणाऱ्या साधनास हब ही संज्ञा आहे. एखाद्या यंत्राच्या पोटात बसवून त्याच्याकडून एकच ठराविक काम करून घेण्यासाठी वापरलेल्या लहान संगणकास अंतःस्थापित संगणक म्हणतात. अशा संगणकांवर लिनक्स ही परिचालन प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. घरातील राउटर, हवामानाच्या नोंदी घेणारी स्वयंचलित केंद्रे, प्रयोगशाळांतील नियंत्रक व लहान एकफलकी संगणक ही त्याची उदाहरणे होत.

माहिती आणि वीज एकाच केबलमध्ये आल्याने जोडणी अतिशय सुलभ झाली. परंतु त्याच वेळी दोषांचे स्वरूपही बदलले. विजेचा तुटवडा पडला की उपकरण सरळ बंद पडण्याऐवजी माहिती चुकीची येते, उपकरण दिसेनासे होते, जाळ्याची जोडणी तुटते किंवा साठवण-पत्रातील मजकूर बिघडतो. वरवर आज्ञावलीचा वाटणारा दोष वस्तुतः विजेचा असतो. यूएसबी हब आणि अंतःस्थापित लिनक्स उपकरणे यांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या गैरसमजाचा व त्याच्या निराकरणाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : यूएसबीपूर्वीच्या जोडण्यांमध्ये वीज आणि माहिती यांचे मार्ग बहुधा वेगळे असत. अमेरिकेत १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आरएस-२३२ या मानकात उपकरणाला वीज पुरविण्यासाठी स्वतंत्र संवाहकाची तरतूद नव्हती. १९७० मध्ये आलेल्या सेंट्रॉनिक्स जोडणीने चालणारे मुद्रकही आपली वीज भिंतीवरील खटक्यातून घेत. त्यामुळे दोषाची विभागणी सोपी होती. मोडेमवरील दिवा विझला तर विजेचा दोष. दिवा लागलेला असून अक्षरे विस्कटलेली आली तर संदेशाचा वा त्याच्या वेगाचा दोष. १९८७ मध्ये आयबीएम कंपनीने आपल्या पीएस/२ संगणकांत कळफलक व माउस यांसाठी जी लहान खोबणी दिली, तीत ५ व्होल्टचा पुरवठा होता. मात्र तेथे एका खोबणीस एकच उपकरण जोडले जाई आणि त्याचा विद्युत् भार आधीच ठाऊक असे. भार किती पडेल हे आधी सांगता न येणारी, वापरणाऱ्याच्या मर्जीने वाढत जाणारी जोडणी यूएसबीनेच प्रथम सर्वसामान्यांच्या हाती दिली.

यूएसबीचा उदय : कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी व नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून हे मानक सिद्ध केले. इंटेलमधील ज्या गटाने त्याची आखणी केली, त्याचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये, सुधारलेली १.१ ही आवृत्ती १९९८ मध्ये, सेकंदाला ४८० मेगॅबिट वेगाची २.० ही आवृत्ती एप्रिल २००० मध्ये व ३.० ही आवृत्ती नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९८ मध्ये ॲपल कंपनीने आयमॅक या संगणकात जुन्या जोडण्या काढून टाकून यूएसबीचा स्वीकार केल्यावर तिचा प्रसार वेगाने झाला.

आवृत्ती २.० पर्यंतच्या केबलमध्ये चार संवाहक असतात : पांढरा व हिरवा हे माहितीसाठी, तांबडा ५ व्होल्ट पुरवठ्यासाठी व काळा परतीच्या प्रवाहासाठी. एका वाहिनीवर हबांसह जास्तीत जास्त १२७ उपकरणे जोडता येतात व संगणक आणि उपकरण यांच्यामध्ये एकापुढे एक असे पाचांपेक्षा अधिक हब चालत नाहीत. १२७ हा आकडा पत्त्यांचा आहे, विजेचा नव्हे, ही गोष्ट जाहिरातींमुळे पुष्कळांच्या ध्यानात आली नाही.

विजेचा हिशेब : मानकाने विजेच्या वाटपाचे एक परिमाण ठरविले. आवृत्ती २.० पर्यंत एक भार-एकक म्हणजे १०० मिलिअँपिअर. नव्याने जोडलेल्या उपकरणाने ओळख पटेपर्यंत एवढाच प्रवाह घ्यावा, नंतर आपली गरज जाहीर करावी आणि संगणकाने संमती दिल्यास ५०० मिलिअँपिअरपर्यंत घ्यावा, असा नियम आहे. आवृत्ती ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर झाली.

हबांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार आपली वीज संगणकाकडूनच घेतो. त्याला मिळणाऱ्या ५०० मिलिअँपिअरपैकी १०० स्वतःसाठी राखल्यास ४०० उरतात व त्यांतून प्रत्येकी १०० मिलिअँपिअरचे चारच पोर्ट देता येतात. अशा हबांना बहुधा चार पोर्ट का असतात, याचे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे. दुसऱ्या प्रकारास स्वतंत्र अडॅप्टर असतो व तो प्रत्येक पोर्टवर पूर्ण ५०० मिलिअँपिअर देऊ शकतो. हब पोर्टांची संख्या वाढवितो. वीज वाढवीत नाही, ती वाढविण्याचे काम अडॅप्टरचे. बाजारातील कित्येक स्वस्त हब अडॅप्टर लावलेला नसतानाही आपणास स्वतंत्र पुरवठा असल्याचे संगणकाला कळवितात. त्यामुळे संगणकाचा हिशेब बरोबर असूनही त्याचे गृहीतक चुकते.

जाहीर केलेला प्रवाह आणि प्रत्यक्ष घेतलेला प्रवाह यांतही अंतर असते. फिरती तबकडी असलेला साठवण-संच सुरू होताना नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह ओढतो. उपकरण खोचताक्षणी त्यातील रिकामी धारित्रे भरण्यासाठी प्रवाहाचा लोंढा येतो. म्हणूनच उपकरणाच्या बाजूची धारणा १० मायक्रोफॅराडपेक्षा अधिक नसावी आणि हबच्या बाजूस निदान १२० मायक्रोफॅराडचा साठा असावा, असे मानक सांगते.

दाबाची घट : विद्युत् प्रवाह पुरेसा असूनही दाब अपुरा पडू शकतो. हा भेद समजण्यास सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर येथील एक जुने बांधकाम उपयोगी पडते. तेथील आदिलशाही काळातील मशीद व रणदुल्लाखानाच्या नावाने ओळखली जाणारी कबर यांच्या जवळ सु. १५ मीटर उंचीचा एक मनोरा असून त्याच्या पश्चिमेस चढण आहे. हत्तीच्या साहाय्याने पाणी वर खेचण्यासाठी तो बांधलेला होता. वरच्या टाकीतील पाण्याच्या उंचीमुळे मिळणाऱ्या दाबावर मशिदीभोवतालची कारंजी चालत, व पाणी नेणाऱ्या नळांच्या खुणा वास्तूत आढळतात. अशा कोणत्याही रचनेत टाकी कितीही भरलेली असली, तरी नळ अरुंद व लांब असेल आणि एकाच नळावर बरीच कारंजी सोडली, तर टोकाच्या कारंज्याचा फवारा बुटका होतो. दोष टाकीत नसून वाटेतील घर्षणात असतो.

यूएसबी केबलमध्ये हेच घडते. ०.३२ मिमी. व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०.२१ ओहम असतो. एक मीटर केबलमध्ये जाण्याची व येण्याची अशी मिळून दोन मीटर तार असल्यामुळे १ अँपिअर प्रवाहास सु. ०.४३ व्होल्टची घट होते. अडॅप्टरपाशी ५ व्होल्ट असले, तरी उपकरणापाशी ४.५७ व्होल्टच पोहोचतात. तारेचा व्यास ०.५१ मिमी. असल्यास ही घट सु. ०.१७ व्होल्ट, म्हणजे निम्म्याहून कमी होते. दोन्ही केबली बाहेरून सारख्याच दिसतात. जोडांच्या खिळखिळ्या पत्र्यांमुळे होणारी घट आणखी वेगळी. पूर्ण क्षमतेच्या पोर्टवर दाब ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान असावा व संगणकाच्या विजेवरच चालणाऱ्या हबच्या पोर्टवर तो ४.४० व्होल्टपेक्षा खाली जाऊ नये, अशी मानकाची अट आहे.

लिनक्स व लहान संगणक : लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभलेल्या लिनक्सच्या गाभ्यात यूएसबीची सोय १९९९ पासून क्रमाक्रमाने होत गेली आणि जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.४ या आवृत्तीत ती सर्वांना उपलब्ध झाली. याच सुमारास राउटर व साठवण-पेट्या यांसारख्या उपकरणांत लिनक्सचा शिरकाव झाला होता. २००४ मध्ये आलेल्या लिंक्सिस एनएसएलयू२ या छोट्या पेटीला दोन यूएसबी पोर्ट होते व हौशी तंत्रज्ञांनी तिचे अनेक उपयोग करून पाहिले.

२००८ मधील बीगलबोर्ड या एकफलकी संगणकाने हबची आणखी एक गरज उघड केली. त्याचा यूएसबी पोर्ट केवळ उच्च वेगाचा असल्याने कळफलक व माउस यांसारखी मंद उपकरणे त्याला थेट जोडता येत नसत. वेगाचे रूपांतर करणारा हब मध्ये घालणे अपरिहार्य होते. येथे हब बदलून दोष गेल्यास तो विजेचा होता की वेगाचा, हे ठरविण्यास स्वतंत्र चाचणी घ्यावी लागे.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या संगणकामुळे हा प्रश्न शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचला. त्याला भ्रमणध्वनीच्या अडॅप्टरसारखी सूक्ष्म यूएसबी खोबणी होती. त्यामुळे घरात पडलेला कोणताही चार्जर व कोणतीही केबल त्याला लावली जाई. चार्जरचे काम घटमालेत वीज भरणे हे असते, व दाब थोडा उतरला तर भरण्यास वेळ अधिक लागतो एवढेच. चालू संगणकास ती सवलत नसते. या संगणकाच्या आरंभीच्या फलकांवर यूएसबी पोर्टांसाठी १४० मिलिअँपिअरच्या स्वयंपूर्ववत् वितळतारा होत्या. त्यांच्या रोधामुळे पोर्टवरील दाब आणखी घटे. नंतरच्या फलकांवरून त्या काढून टाकल्या, तेव्हा एखादे उपकरण चालू स्थितीत खोचताच प्रवाहाच्या लोंढ्याने सबंध संगणकच नव्याने सुरू होऊ लागला. शिवाय काही हब उलट दिशेने संगणकालाच वीज पुरवीत. अशा वेळी अडॅप्टर काढला तरी यंत्र अर्धवट जिवंत राही.

या फलकावर हब आणि जाळ्याची जोडणी एकाच मंडलात होती. त्यामुळे दाब उतरला की जाळेही तुटे व शोध राउटरच्या दिशेने सुरू होई. वापरणाऱ्यांना दाब मोजता यावा म्हणून फलकावर दोन चाचणी-बिंदू ठेवलेले होते. परंतु मापक हाती असणारे थोडे. जुलै २०१४ मधील बी-प्लस या प्रतिमानात दाब सु. ४.६३ व्होल्टच्या खाली जाताच तांबडा दिवा विझेल, अशी योजना करण्यात आली. पुढे तीच सूचना गाभ्याच्या नोंदवहीतही उमटू लागली. दोषाला प्रथमच त्याचे खरे नाव मिळाले, हे या सुधारणेचे महत्त्व होय.

पवई येथील प्रयोग : पुष्कळ यूएसबी उपकरणे एकाच लिनक्स संगणकाला जोडण्याचा एक उल्लेखनीय प्रयोग महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे पवईच्या आयआयटीत झाला. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे एकफलकी तापक प्रणाली तयार करण्यात आली. तीत निक्रोमच्या वेटोळ्याजवळ लोखंडी पट्टी बसविलेली असते. वेटोळे तापले की पट्टी तापते, पंख्याने ती निवते व संवेदक तिचे तापमान सांगतो. एटीमेगा १६ हा सूक्ष्मनियंत्रक या सर्वांवर देखरेख ठेवतो. रासायनिक कारखान्यातील नियंत्रणाची तत्त्वे टेबलावर शिकविणारे हे स्वस्त साधन होते.

पुढे दूरच्या विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून हे प्रयोग करता यावेत म्हणून आभासी प्रयोगशाळा उभारण्यात आली. तिच्या एका टप्प्यावर अशा ३६ प्रणाली सात व दहा पोर्टांच्या अनेक हबांमार्फत उबुंटू लिनक्सवर चालणाऱ्या एका संगणकाला जोडलेल्या होत्या व प्रत्येक प्रणालीसमोर एक कॅमेराही होता. हा वापर आयआयटीतील नियमित अभ्यासक्रमांत झाला.

या रचनेतून काही सर्वसाधारण तत्त्वे स्पष्ट होतात. पहिले म्हणजे तापकाची वीज यूएसबीतून घेतलेली नाही. तिच्यासाठी स्वतंत्र पुरवठा आहे. ५ व्होल्ट व ५०० मिलिअँपिअर म्हणजे जेमतेम २.५ वॉट, एवढ्यावर तापक चालविणे व्यर्थ होय. यूएसबीकडे केवळ संदेशवहनाचे काम ठेवल्याने हबांवरील भार हलका राहतो. दुसरे, सात वा दहा पोर्टांचे हब मानकाच्या हिशेबाने संगणकाच्या विजेवर चालू शकत नाहीत; त्यांना अडॅप्टर हवाच. तिसरे, सात पोर्टांच्या हबात बहुधा चार पोर्टांच्या दोन व दहा पोर्टांच्या हबात तीन चकत्या साखळीने जोडलेल्या असतात. बाहेरून एक दिसणारा हब आत दोन-तीन पायऱ्यांचा असतो आणि पाच पायऱ्यांची मर्यादा अपेक्षेपेक्षा लवकर गाठली जाते. चौथे, कॅमेरे जोडले की माहितीच्या वेळेचे वाटप अपुरे पडू शकते. तेव्हा लिनक्स ‘जागा नाही’ अशा अर्थाचा -२८ हा संकेत देते. तो साठवणीविषयी वा विजेविषयी नसून वाहिनीवरील वेळेविषयी असतो.

पाचवे तत्त्व नावांसंबंधीचे आहे. एकसरी जोडणीची उपकरणे लिनक्समध्ये ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने त्यांना अंक मिळतात. क्षणभर वीज खंडित होऊन एखादे उपकरण पुन्हा प्रकट झाले, तर त्याचा अंक बदलू शकतो. मग एका विद्यार्थ्याची आज्ञा दुसऱ्याच्या तापकाकडे जाण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून पवईच्या प्रणालीत प्रत्येक फलकाला स्वतःचा ओळखक्रमांक दिलेला असून तो फलकाकडूनच विचारून घेता येतो. येथे विजेचा दोष केवळ गैरसोयीचा राहत नाही. दूरवरचा विद्यार्थी यंत्राजवळ नसतो व केबल काढून पुन्हा खोचण्याचा सर्वपरिचित उपाय त्याच्या हाती नसतो. चुकीचा आकडा त्याच्या लेखी निसर्गाचा नियम ठरतो.

दोषनिदान : अनुभवातून रूढ झालेला क्रम असा आहे. प्रथम सर्व जोडलेली उपकरणे काढून एकटा संगणक चालवावा. तो तास-दोन तास स्थिर राहिल्यास उपकरणे एकेक करून जोडावीत व कोणत्या टप्प्यावर दोष उद्भवतो ते पाहावे. दोष एका विशिष्ट उपकरणाबरोबर न येता अमुक संख्येनंतर येत असेल, तर विजेचा संशय दृढ होतो. त्यानंतर गाभ्याची नोंदवही वाचावी. -७१ हा संकेत संभाषणाचे नियम मोडल्याचा व -११० हा वेळेत उत्तर न आल्याचा असतो. दोन्हींचे कारण कमी दाब, खराब केबल वा सदोष उपकरण यांपैकी कोणतेही असू शकते. पण एकाच हबवरील अनेक उपकरणे एकाच क्षणी निघून गेल्याची नोंद असल्यास कारण हबच्या पुरवठ्यात शोधावे. वाहिनीवर पुरेशी वीज नसल्याने उपकरण नाकारल्याची किंवा प्रवाह मर्यादेपलीकडे गेल्याची स्पष्ट नोंदही काही वेळा मिळते.

तिसरी पायरी मापनाची. दाब अडॅप्टरपाशी न मोजता उपकरणापाशी, व तोही पूर्ण भार असताना मोजावा. साधा मापक सरासरी दाखवितो. क्षणिक घट त्यात दिसत नाही, म्हणून मापकावर ४.८ व्होल्ट दिसल्याने पुरवठा निर्दोष ठरत नाही. जाड व आखूड केबल लावून दोष गेल्यास निदान तेथेच पूर्ण होते. जुन्या अडॅप्टरमधील धारित्रे उष्णतेने सुकून त्यांची धारणा घटते. त्यामुळे वर्षभर नीट चाललेली रचना काहीही न बदलता अडखळू लागते. विजेचा दाब वरचेवर खाली-वर होणाऱ्या ग्रामीण भागात याचा विचार विशेष करावा लागतो.

या सर्वांतून दोष सुटला नाही, तरच आज्ञावलीकडे वळावे. वापरात नसलेल्या उपकरणास आपोआप निद्रित करण्याची सोय लिनक्समध्ये आहे. काही उपकरणे या निद्रेतून नीट जागी होत नाहीत. त्यांच्यापुरती ती बंद करावी. ज्या हबमध्ये प्रत्येक पोर्टची वीज स्वतंत्रपणे तोडण्याची सोय असते, तेथे अडकलेले उपकरण आज्ञेने बंद करून पुन्हा चालू करता येते. मनुष्यवस्तीपासून दूर बसविलेल्या केंद्रांना ती फार उपयुक्त आहे. बहुतेक स्वस्त हबांत मात्र ती नसते. वीज अकस्मात जाण्याने साठवण-पत्र बिघडू नये म्हणून त्यावरील मूळ प्रणाली केवळ वाचनीय ठेवणे हाही एक प्रस्थापित उपाय होय.

अलीकडील घडामोडी : २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सी जोडणीने पुरवठ्याची क्षमता रोधकांच्या साहाय्याने आधीच कळविण्याची पद्धत आणली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटीच्या पद्धतीने दाब वाढवून घेणे शक्य झाले व २०२१ मधील सुधारणेनंतर एका केबलमधून २४० वॉटपर्यंत वीज नेता येते. या नव्या व्यवस्थेतही जुन्या प्रकारच्या चुका टळल्या नाहीत. जून २०१९ मधील रास्पबेरी पाय ४ मध्ये दोन जोडबिंदूंसाठी एकच रोधक वापरल्यामुळे ओळखचकती असलेल्या केबलींना तो संगणक ध्वनी-उपकरण वाटे आणि चार्जर वीज देत नसे. नंतरच्या फलकांत हा दोष दूर करण्यात आला. २०२३ मधील रास्पबेरी पाय ५ हा संगणक ५ अँपिअरचा अडॅप्टर ओळखल्यास यूएसबी उपकरणांना मिळून १.६ अँपिअर देतो, आणि ३ अँपिअरचा असल्यास ती मर्यादा ०.६ अँपिअरवर आणतो. आपल्याजवळ किती वीज आहे हे विचारूनच ती वाटावी, हा १९९६ च्या मानकातील नियम येथे संगणकाने स्वतःलाही लावून घेतला आहे. तारेचा रोध मात्र वाटाघाटीने कमी होत नाही. अडॅप्टर, केबल, हब व उपकरण या चारही ठिकाणचा हिशेब जुळवून पाहणे हेच अशा दोषांच्या निवारणाचे पहिले पाऊल राहिले आहे.